विंचवाचे विष, एक गोळी आणि परिचारिकेचे गणित

गोवऱ्यांचा ढीग उपसताना किंवा रचलेली लाकडे हलविताना ज्याने विंचू पाहिला नाही, असा माणूस अजिंठ्याच्या पंचक्रोशीत विरळाच. म्हणून परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना औषधशास्त्राची ओळख करून देताना आम्ही दूरची उदाहरणे न शोधता हेच घरचे उदाहरण घेतो. इतर श्रोत्यांनाही ते जड जाऊ नये.

आपल्याकडे धास्ती असते ती मोठ्या काळ्या इंगळीची. प्राणावर बेततो तो मात्र लहानसा तांबडा विंचू. त्याचे विष मज्जातंतूंना असे खवळविते, की ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम लोटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त रेटावे लागते. विहिरीवर मोटार जोरात चालू आहे आणि पुढे कोणी पाइपाचे तोंड दाबून धरले आहे, अशी ही स्थिती. मुलाला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. पुढे फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. गंमत अशी, की जो वेदनेने आरडाओरडा करतो त्याचा दंश पुष्कळदा साधाच असतो, आणि जो गप्प, गार व घामेजलेला असतो त्याच्याकडे आधी धावले पाहिजे.

या दंशावरचा उपाय ज्यांच्यामुळे रूढ झाला ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारचेच. आज जालना जिल्ह्यात असलेले देहेड हे त्यांचे जन्मगाव. १९७६ पासून त्यांनी कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले. दंश झालेली मुले दगावत होती आणि पुस्तकांत नेमका उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिले. गंभीर दंशात पूर्वी शंभरांतले तीस-चाळीस रुग्ण जात. हे प्रमाण त्यांच्या अनुभवात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोळी करते काय? ॲड्रेनॅलिन ही किल्ली मानली, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत तिची कुलपे असतात. प्राझोसिन त्या कुलपांत जाऊन बसते. किल्ली फिरेनाशी होते, नळ्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी काही ठिकाणी घाम आटविण्यासाठी ॲट्रोपिन देत. घाम आटे खरा, पण आधीच धापा टाकणाऱ्या हृदयाची गती आणखी वाढे. औषध लक्षणाला लागू पडते की कारणाला, हे विचारल्यावाचून सुई हाती धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता गणित. डॉक्टर मुलासाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम मात्रा लिहितात. मूल १५ किलोचे असेल तर ४५० मायक्रोग्रॅम झाले. गोळी एक मिलिग्रॅमची, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमची. तेव्हा अर्ध्या गोळीहून किंचित कमी. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून वजन काट्यावर करावे, आईच्या सांगण्यावर नव्हे. बाजारात याच औषधाच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या मोडून देता येत नाहीत आणि येथे कामाच्या नाहीत. वेष्टनावरचे नाव वाचून थांबू नये, त्यापुढचे बारीक अक्षरही वाचावे.

गोळी दिल्यानंतर मुलाला आडवेच ठेवावे. पहिल्या मात्रेनंतर उठून बसले तर रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येते. काळजीपोटी लेकराला कडेवर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या आजीला ही गोष्ट गोडीने समजावणे, हेही परिचारिकेचेच काम. ओकाऱ्या आणि घामाने अंगातले पाणी गेलेले असते. शुद्ध असेल तर तोंडाने पाणी पाजीत राहावे. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब आणि तळपाय पाहावेत. साधारण तीन तीन तासांनी मात्रा पुन्हा देतात, ती हातपाय ऊबदार होईपर्यंत. औषध लागू पडल्याची खूण हाताला कळते, हे या उपचाराचे वैशिष्ट्य आहे. विंचवाचे प्रतिविषही आता मिळते; प्राझोसिनच्या जोडीला ते दिले असता रुग्ण लवकर सावरतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

अजिंठ्याहून घाटी रुग्णालय सुमारे १०० किलोमीटर. मुलाला तिकडे हलवायचे ठरले तर सोबत चिठ्ठी हवी: दंश केव्हा झाला, कोणते औषध, किती मायक्रोग्रॅम, किती वाजता दिले, त्या वेळी नाडी व रक्तदाब किती होता. गाडीत मुलाला निजवूनच न्यावे, आणि चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात न कोंबता केसपेपरला टाचून द्यावी.