हिमालयात एकट्याने : लांगटांग खोऱ्याची पायवाट

आमच्या समाजाला पायी चालणे नवे नाही. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यासाठी आमचे आजे-पणजे गावोगावहून निघाले. दुष्काळात खडी फोडायला चालले, पोटासाठी मुंबई गाठली. पण ते चालणे गरजेचे होते. केवळ डोंगर पाहण्यासाठी, स्वतःच्या आनंदासाठी आठ दिवस चालावे हा विचार आमच्या घरांत अजून परका वाटतो. "ही पैसेवाल्यांची चैन," असे आपण म्हणून टाकतो. तसे नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रवासात आमच्या माणसाला सर्वांत मोठा धाक असे तो मुक्कामाचा. रात्री कोणाच्या दारात उभे राहायचे? परदेशात शिकून आलेले बाबासाहेब 1917 साली नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. एवढ्या विद्वान माणसाची ही गत, तर आमच्या अडाणी आजोबांनी कोणते दार ठोठवावे? म्हणून एक खाट, एक रजई आणि गरम जेवण देणाऱ्या साध्या मुक्कामघराची गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

खरे तर ही आपलीच जुनी परंपरा आहे. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेजवळ जुन्नरची लेणी आहेत. कान्हेरीच्या डोंगरात दगडी बाके आहेत, पाण्याच्या पोढी आहेत. चारिका करणारे भिक्खू पावसाळ्यात तेथे वर्षावास करीत. कार्ले लेण्याच्या दानलेखांत तर यवनांचीही नावे आहेत.

वाट कशी आहे

मुंबईहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. तेथून सोनौलीची सरहद्द ओलांडली की लुंबिनी जवळच. आपले अनेक उपासक-उपासिका तथागतांच्या जन्मस्थळाचे दर्शन घेऊन तेथूनच परततात. काठमांडूला जाणे थोड्यांनाच जमते. याच काठमांडूत नोव्हेंबर 1956 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

काठमांडूहून बसने दिवसभराच्या प्रवासावर स्याफ्रुबेसी गाव आहे. उंची सुमारे 1,500 मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईएवढी. येथून नदीच्या कडेकडेने लांगटांग खोऱ्याची पायवाट सुरू होते. पहिला मुक्काम लामा हॉटेल या ठिकाणी, दुसरा घोडातबेला येथे, तिसरा लांगटांग गावी (3,430 मीटर) आणि चौथा क्यांजिन गोंपाला (3,870 मीटर). तेथे एक दिवस विसावा घ्यावा आणि परत फिरावे. विमानाचे तिकीट नाही, तंबू नाही, शिध्याचे ओझे नाही.

वाटेतली मुक्कामघरे दगड-लाकडाची असतात. फळ्यांच्या भिंतींची खोली, दोन खाटा, पातळ गादी, जाड सिरक म्हणजे रजई. मधल्या खोलीत शेगडी पेटलेली असते आणि सारे प्रवासी तिच्याभोवती बसतात. जेवण म्हणजे दालभात. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. खोलीचे भाडे कमी असते, पण जेवण त्याच घरी घ्यावे असा रिवाज आहे. घरधनिणीची खरी कमाई स्वयंपाकातूनच होते. तिला 'दिदी' म्हणावे, वयस्कर असेल तर 'आमा'. जसजसे वर जावे तसतशी जिन्नसांची किंमत वाढते, कारण प्रत्येक पोते माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरून वर येते. डोक्ष्याला नाम्लो, म्हणजे पट्टा लावून पाठीवर डोको वाहणारा हमाल दिसला की आमच्या माथाडी बांधवांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्याला वाट द्यावी, आणि त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नये.

यजमान कोण

या खोऱ्यातील लोक तामांग व भोटे, वज्रयान पंथाचे बौद्ध. 1854 च्या नेपाळी मुलुकी ऐनाने माणसांची जातवार उतरंड कायद्यात लिहिली. त्यात या लोकांना 'गुलाम करता येण्याजोगे' अशा वर्गात टाकले होते. ज्यांच्यावर असा शिक्का होता, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज प्रवाशाला खाट देतात. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब मणी-भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून चालावे. त्यांचे लामा, दिवे, कर्मकांड आपल्या धम्माचरणापेक्षा वेगळे आहे. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्याने ते केलेच पाहिजे असे नाही, पण आदर जरूर ठेवावा.

नेपाळात सारे आलबेल आहे असेही नव्हे. कामी, दमाई, सार्की हे तेथील दलित. 1963 मध्ये जातिभेदाची कायदेशीर मान्यता गेली, 2011 मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तरी आचरणातली शिवाशीव पुरती गेलेली नाही. आपण तेथे डोळे उघडे ठेवून जावे.

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात बर्फ आणि दगडांचा कडा कोसळून लांगटांग गाव गाडले गेले. गावकरी गेले, पाहुणे गेले. उरलेले लोक काठमांडूला आसऱ्यास राहिले, पुन्हा वर आले आणि ढिगाऱ्याच्या शेजारी त्यांनी नवी घरे बांधली. त्या घरात घेतलेला एक मुक्काम त्यांच्या चुलीला हातभार लावतो.

सावधगिरी

एकट्याने म्हणजे बेफिकीरपणे नव्हे. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळ पर्यटन मंडळाने परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या घेण्याचा नियम केला आहे. निघण्यापूर्वी काठमांडूत चालू नियम विचारून घ्यावा. भगिनींनाही एकट्याने जाता येईल. महिला वाटाड्याही मिळतात. एकान्तात विचरण करण्याची थोरवी सांगणाऱ्या खग्गविसाण सुत्तातही शहाणा सोबती मिळाला तर त्याच्यासोबत जाण्यास संमती आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. 3,000 मीटरच्या वर हवा विरळ होते. रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरहून अधिक वाढवू नये; म्हणूनच वर घोडातबेल्याचा मुक्काम सुचविला आहे. डोके दुखू लागले, मळमळले, जेवण जाईना, तर आणखी वर चढू नये. दुखणे वाढले किंवा चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असो वा दिवस, खाली उतरावे. मद्य घेऊ नये. पंचशील पाळणाऱ्यास ते सोपेच आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे.

सुरुवात घराजवळून करावी. यंदा मुलांना घेऊन कार्ले चढा, लेण्याद्री पाहा, पुढे कळसूबाई करा. दरमहा थोडे पैसे बाजूला टाका. बाबासाहेबांना बडोद्यात नाव लपवावे लागले. त्यांच्या लेकरांनी मुक्कामघराच्या वहीत आपले पूर्ण नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे, आणि सकाळी दिदीचा निरोप घेऊन पुढची वाट धरावी. जयभीम!