फोनलाही कळू दे, कुठे गप्प बसायचं!

आमच्या गावातल्या एका सल्ला केंद्रात मी आठवड्यातून दोन दुपारी बसते. घरी त्रास असलेल्या बायका येतात. मागच्या वर्षी एक जण तीन वेळा येऊन नुसतीच बसून गेली. चौथ्या वेळी पदर सारखा करत म्हणाली, "ताई, खरं सांगू का…" आणि माझ्या पर्समधला फोन खणखणला. कर्ज हवंय का म्हणून विचारणारा! मी घाईनं बंद केला, पण तिचं बोलणं तिथंच थांबलं. "पुढच्या वेळी सांगते," म्हणून ती गेली, ती दोन महिन्यांनी आली.

तेव्हापासून केंद्राची पायरी चढतानाच फोन सायलेंट करायचा नेम केला. पण आवाज परत सुरू करायचं कुठे लक्षात राहतं? एकदा येताना भाजी घेतली, बँकेत डोकावले, गप्पा मारल्या. घरी आले तर शेजारच्या काकू दारातच. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. फोनवर अकरा मिस्ड कॉल! हाड मोडलं नव्हतं एवढंच नशीब. पण "किती फोन केले गं तुला," हे त्यांचं वाक्य अजून टोचतं.

सुटीत आलेली लेक म्हणाली, "आई, हे फोनलाच लक्षात ठेवू दे की!"

मैत्रिणींनो, आपण कुठे आहोत हे स्मार्टफोनला कळतं. उपग्रहांचे संकेत, मोबाइलचे टॉवर, आसपासचं वायफाय यांवरून तो जागा ओळखतो. नकाशावर ती जागा एकदा दाखवून द्यायची. तिथे पोचलं की फोन आपोआप गप्प, निघालं की आवाज पुन्हा सुरू. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ही सोय 'मोड्स अँड रूटीन्स'मध्ये सापडते, पिक्सेलमध्ये 'रूल्स'मध्ये, तर आयफोनमध्ये २०२१ पासून 'फोकस'मध्ये. मात्र लोकेशन सुरू हवं. आणि हद्द अगदी काटेकोर नसते, शेजारच्या दुकानातही फोन गप्पच राहू शकतो.

एक गोष्ट विसरू नका. नुसतं 'सायलेंट' न निवडता 'डू नॉट डिस्टर्ब' निवडा. त्यात ठरावीक माणसांचे फोन वाजू देता येतात. शिवाय तोच माणूस लागोपाठ फोन करत असेल, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत, तर दुसरा फोन वाजू देण्याचीही सोय आहे. अडीअडचणीला फार उपयोगी.

मी यादी करायला बसले. जाऊबाई, भिशीवाल्या, गॅसवाला… चौदा नावं झाली! लेक हसली, "मग गप्प कशाला करतेस?" खोडत खोडत चार उरली. सासूबाई, हे, लेक आणि शेजारच्या काकू. दोन तास आपल्यावाचून बाकी कुणाचं अडत नाही, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली!

मग काकूंना सांगून केंद्रातून एकदा खात्रीही करून घेतली. त्यांचा फोन वाजला, बाकीचे गप्प.

गेल्या आठवड्यात 'ती' पुन्हा आली. दीड तास बोलली, रडली, उठताना हसलीसुद्धा. पायऱ्या उतरून फोन पाहिला, तर सहा जणांचे फोन येऊन गेले होते.