न झालेले गोल

फुटबॉलच्या निवड समितीच्या तक्त्यात गोलांचा रकाना आधी भरतो. वाचवलेल्या गोलांना रकानाच नसतो. बचाव फळीवर अन्याय होतो तो इथेच, आणि तो मला कायम खुपतो.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे खेळासाठी जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार असे चार विभाग. कॉलेजांच्या सामन्यांतून विभागाचा संघ निघतो, विभागांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा. आमच्या नंदुरबार विभागात एकाच बॅक लाइनमध्ये धडगावचा पावरी बोलणारा, नवापूरचा मावची बोलणारा आणि नंदुरबारचा अहिराणी बोलणारा पोरगा शेजारीशेजारी उभे असतात. ऑफसाइडसाठी लाइनमधल्या चौघांनी एका दमात वर सरकायचं असतं. एक जण जरी मागे राहिला तरी समोरचा फॉरवर्ड मोकळा. म्हणून मी निवड समितीच्या मंडपात बसत नाही, गोलच्या मागे उभा राहतो. लाइन तिथूनच दिसते.

एका वर्षी आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. आपली काळी माती भिजली की चेंडू जागीच रुततो आणि गोलकीपरच्या हातातून साबणासारखा निसटतो. एका फॉरवर्डने त्या मैदानावर तीन गोल मारले. त्यातले दोन हातातून सुटलेल्या चेंडूवरचे. मंडपात त्याचं नाव पक्कं झालं होतं.

मी हरलेल्या संघाच्या स्टॉपरचं नाव पुढे केलं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सर, त्याची चड्डी बघा. एक डाग नाही. खेळला कुठे तो?”

खरंच डाग नव्हता. सगळे चिखलात लोळलेले, हा कोरडा. पण थ्रो पडायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघायचा, हाताने शेजारच्या बॅकला जागा दाखवायचा आणि चेंडू येईल तिथे आधीच उभा असायचा. घसरून टॅकल करायची वेळच येत नव्हती. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी त्याच्या बाजूने चाल करणंच सोडलं. ते तिन्ही गोल दुसऱ्या बाजूने झाले होते.

वाद मिटेना, तेव्हा चाचणीत दोघांना समोरासमोर ठेवलं. फॉरवर्ड उजव्या पायाचा. स्टॉपरने अंगावर न जाता त्याला सारखं डावीकडे रेटलं. ७.३२ मीटर रुंदीचा गोल कोनातून बघताना किती अरुंद होतो, ते स्टॉपरला नेमकं ठाऊक होतं. दोन फटके बाहेर गेले, तिसरा मारताच आला नाही. चेंडू गेल्यावर फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मागे धावला नाही. माझ्या लेखी त्याचे सगळ्यात जास्त गुण तिथे गेले, कारण बचाव पुढच्या फळीपासूनच सुरू होतो.

स्टॉपरचं नाव शेवटी त्याच सहकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. फॉरवर्डला राखीवमध्ये घेतलं आणि का घेतलं ते यादी लावायच्या आधी बाजूला बोलावून सांगितलं.