साखरेवर फॉस्फेटचा शिक्का

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू कामाला लागतात. दात किडण्यामागचा त्यांतला एक प्रमुख म्हणजे ‘स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स’. हा जिवाणू साखर आत घेतो आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतो. दाताजवळचा सामू साधारण ५.५च्या खाली गेला, की दाताच्या कठीण कवचातली खनिजे विरघळू लागतात. ही साखर जिवाणूच्या आत शिरते कशी, हे कळले तर तिची वाट अडवताही येईल.

पेशीच्या पातळ पटलातून साखर सहजासहजी आत जात नाही, आणि आत गेली तरी ती तिथेच राहायला हवी. म्हणून तिला फॉस्फेट जोडला जातो. फॉस्फेटवर विद्युतभार असल्याने अशी साखर पुन्हा पटल ओलांडू शकत नाही. माणसाच्या पेशी ग्लुकोज आधी आत घेतात, मग विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याला एटीपीमधला फॉस्फेट जोडतात. अनेक जिवाणू मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी, दारातच उरकतात.

ही यंत्रणा १९६४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात वर्नर कुंडिग, सुधामय घोष आणि सॉल रोझमन यांनी ‘ई. कोलाय’ या जिवाणूत शोधली. तिच्यात फॉस्फेट हातोहात पुढे जातो. तो येतो साखरेच्याच विघटनात तयार होणाऱ्या ‘पीईपी’ या रेणूतून. पीईपीच्या फॉस्फेट बंधात एटीपीच्या सुमारे दुप्पट ऊर्जा असते. ‘एन्झाइम-१’ हा फॉस्फेट आपल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर घेते आणि ‘एचपीआर’ या छोट्या प्रथिनाला देते. तिथून तो ‘एन्झाइम-२’कडे जातो. पटलात रुतलेले हे विकर म्हणजेच साखरेचे दार. वेगवेगळ्या साखरांसाठी ते वेगवेगळे असते. साखर आत सरकते आणि तिच्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो. साखर आणणे आणि तिला विघटनासाठी तयार करणे, दोन्ही एकाच पीईपीच्या खर्चात होते.

झायलिटॉल हा गोड पदार्थ नेमका याच काटकसरीचा फायदा घेतो. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स त्याला फ्रुक्टोजच्या दाराने आत घेतो आणि शिक्काही मारतो. पण पुढे त्याचे विघटन करू शकत नाही. पीईपी वाया जातो, आम्ल तयार होत नाही, आणि साचलेला झायलिटॉल-फॉस्फेट जिवाणूच्या वाढीत अडथळा आणतो. अर्थात जिवाणूही हार मानत नाहीत. फ्रुक्टोजचे हे दारच गमावलेले, झायलिटॉलला न जुमानणारे प्रकार आढळले आहेत.

त्यामुळे झायलिटॉलचे च्युइंगगम हा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टला पर्याय नाही. ते जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. घरात कुत्रा असेल तर ते त्याच्यापासून दूरच ठेवावे, कारण कुत्र्यांसाठी झायलिटॉल विषारी आहे. दातांच्या दृष्टीने गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे. प्रत्येक वेळी हे दार नव्याने उघडते आणि लाळेला आम्ल निवळायला पुन्हा वेळ द्यावा लागतो. गोड खायचेच असेल तर ते जेवणासोबत खावे आणि रात्री दात घासल्यावर काही खाऊ नये.