टूर कोणाच्या भरवशावर?

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन बाजार समितीत जातं, वर्षाचा पैसा घरात येतो आणि त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या घडीतून टूरची पत्रकं पडू लागतात. काश्मीर, चारधाम, दक्षिण भारत, अंदमान. वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, अशा घरात पुढचे चार दिवस एकच चर्चा चालते: एजंटकडून जायचं की आपलं आपण? मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळं होतं, मधल्या माणसाला पैसे कशाला द्यायचे. आजीचे गुडघे दुखतात, पण तिला केदारनाथ बघायचाच आहे. आणि घरातली बाई, जिला बहुधा कोणी विचारत नाही, तिला एवढंच हवं असतं की निदान त्या आठ दिवसांत सकाळी उठून जेवणाचा विचार तिने करायचा नाही.

हा वाद बहुतेक घरांत खर्चावर सुरू होतो आणि खर्चावरच संपतो. मला तो तिथे सुटतो असं वाटत नाही. सगळं सुरळीत झालं तर एजंट असला काय, नसला काय, फारसा फरक पडत नाही. गाडी रद्द झाली, घाटात दरड कोसळली, वडिलांचा रक्तदाब वाढला, हॉटेलवाला म्हणाला तुमच्या नावाचं बुकिंगच नाही, तर रात्री अकराला फोन कोण उचलणार आणि त्याच्या हातात नेमकं काय असणार, हे विचारून मगच निर्णय घ्यायला हवा.

वाशीमच्या माणसाला हा प्रश्न जरा जास्त जवळचा आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, पण लांबच्या प्रवासासाठी आजही बहुतेकांना आधी अकोला गाठावं लागतं. वाशीम स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर. मुंबई-हावडा मुख्य लाइन अकोल्यावरून जाते. विमान पकडायचं तर नागपूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. एप्रिल २०२५ पासून अमरावतीहूनही मुंबईला विमान आहे. म्हणजे आपली सहल इतरांपेक्षा एक टप्पा आधी सुरू होते आणि एक टप्पा उशिरा संपते. पत्रकावरचा मोठा आकडा हा टप्पा धरत नाही. तिथे बारीक अक्षरात ‘एक्स-मुंबई’ किंवा ‘एक्स-नागपूर’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या शहरापर्यंत तुम्ही कसे येता आणि परत कसे जाता ते तुमचं तुम्ही बघा. आजीला आणि दोन मुलांना घेऊन पहाटेच्या विमानासाठी नागपूर गाठायचं तर आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. तो खर्च आणि ती दगदग धरल्याशिवाय दोन दरांची तुलना होऊच शकत नाही.

काही प्रवासांना एजंट लागतच नाही. शेगाव, माहूर, पंढरपूर, शिर्डी ही आपल्या पायाखालची वाट. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून चढलं की शिर्डीला जाऊन दर्शन घेणं आता एका दिवसाच्या आवाक्यात आलं. तिरुपतीलाही एजंट लागत नाही. अमरावती-तिरुपती एक्स्प्रेस वाशीमला थांबते आणि तीनशे रुपयांच्या विशेष दर्शनाची तिकिटं देवस्थान स्वतःच्या संकेतस्थळावर साधारण तीन महिने आधी खुली करतं, नाव आणि आधार घेऊन. एखादा म्हणाला की दर्शनाची ‘सेटिंग’ आहे, तर तिथून उठावं.

रेल्वे तिकिटाच्या बाबतीत तर एजंटचा जुना दबदबा नियमांनीच संपवला आहे. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी झालेलं खातं लागतं. अधिकृत एजंटांना तत्काळचा पहिला अर्धा तास तिकीट काढताच येत नाही: एसीला दहा ते साडेदहा, स्लीपरला अकरा ते साडेअकरा. ज्या अर्ध्या तासात तत्काळ संपतं, नेमका तोच अर्धा तास एजंटला बंद आहे. तरीही कोणी तत्काळची खात्री देत असेल तर तो बहुधा कोणाच्या तरी वैयक्तिक आयडीवरून तिकीट काढून विकतो आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कारवाई झाली तर तिकीट रद्द होऊन स्टेशनवर अडकणारे आपण असतो. अधिकृत एजंटाच्या तिकिटावर त्याचं नाव छापलेलं असतं, ते बघून घ्यावं. तिकिटात मोबाइल नंबरही आपलाच घालायला लावावा. तिकीट रद्द झालं की परताव्याचे पैसे एजंटच्या खात्यात जमा होतात, मात्र त्यासाठीचा ओटीपी तिकिटातल्या नंबरवर येतो. नंबर एजंटचा असेल तर किती पैसे परत आले हे आपल्याला कळतही नाही.

आपण एजंट म्हणतो खरं, पण आपल्या गावात या एका नावाखाली निरनिराळी माणसं काम करतात. एक झेरॉक्सच्या दुकानात बसून तिकिटं काढून देतो. दुसऱ्याच्या स्वतःच्या गाड्या आहेत, तो भाड्याने देतो. तिसरा दरवर्षी चाळीस-पन्नास माणसं जमवून, स्वयंपाकी, गॅस आणि किराणा बसमध्ये घालून यात्रा काढतो. चौथ्याकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीची नाहीतर नागपूरच्या ऑफिसची एजन्सी आहे. पहिल्याकडून काश्मीरची जबाबदारी मागण्यात अर्थ नाही आणि चौथ्याकडे शेगावच्या गाडीसाठी जाण्यातही नाही.

या सगळ्यांत यात्रावाल्याबद्दल मला विशेष आदर आहे. तो स्वतः बसमध्ये असतो. कोणाला मधुमेह आहे, कोणाचा उपास आहे, कोण वरच्या पायऱ्या चढणार नाही, हे त्याला तिसऱ्या दिवशी पाठ झालेलं असतं. काशी-प्रयाग-गयेचे तीर्थपुरोहित शतकानुशतकं हेच करत आले. यजमानाच्या उतरण्याची, जेवणाची, विधींची सोय करायची, वहीत घराण्याची नोंद ठेवायची आणि परतीला पैसे कमी पडले तर उसनेही द्यायचे. आज आलेल्या यजमानाचा नातू उद्या आपल्याच नातवाच्या दारात येणार, हे त्या व्यवहाराचं तारण होतं. गावातल्या यात्रावाल्याचंही तारण तेच असतं. त्याला परत येऊन वाशीमच्या पाटणी चौकातून फिरायचं असतं.

पण चांगला माणूस आणि चांगली गाडी या वेगळ्या गोष्टी आहेत. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळात जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. आपलं माणूस बसमध्ये बसवण्याआधी गाडीचा नंबर मागावा. फिटनेस, परमिट आणि विमा सरकारच्या ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर दोन मिनिटांत दिसतात. रात्रभर गाडी चालणार असेल तर दुसरा चालक आहे का, हे तोंडावर विचारावं. छोट्या गाडीचं तर आणखी एक पथ्य आहे. ओळखीतल्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल टाका अन् दोन पैसे द्या’ या बोलीवर नेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. खासगी गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते. काळ्या अक्षरांची पिवळी पाटी असलेल्या गाडीचं भाडं थोडं जास्त असेल; ते द्यावं.

मग एजंट कुठे लागतो? जिथे अनोळखी मुलखात एकामागोमाग एक अनेक गोष्टी वेळेवर जुळाव्या लागतात तिथे. चारधामला आधी नोंदणी सक्तीची, मग गौरीकुंडापासून केदारनाथची साधारण सोळा किलोमीटरची चढण, वर साडेतीन हजार मीटरवरची विरळ हवा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट अधिकृतपणे फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं. त्याच्या नकली साइट्स काढून लोकांना लुबाडलं जातं, त्यामुळे एजंटने दिलेलं तिकीटही तिथलंच आहे ना हे बघावं लागतं. सिक्कीमला नाथू-ला बघायचा तर परवाना नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फतच निघतो. तिथे प्रश्नच मिटला. काश्मीरला पहलगामपर्यंत नेणारी गाडी पुढे आरू, चंदनवाडी, बेताब व्हॅलीत जात नाही, तिथे स्थानिक युनियनची गाडी घ्यावी लागते, आणि पत्रकात हा खर्च बहुधा धरलेला नसतो. असे बारकावे ज्याला विचारण्याआधीच सांगता येतात, तो एजंट कामाचा. ज्याचं उत्तर प्रत्येक प्रश्नाला ‘भाऊ, तुमी फक्त बॅग भरा, बाकी सगळं माह्याकडे लागलं’ एवढंच असतं, त्याने ती वाट पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी.

२२ एप्रिल २०२५ चा पहलगामचा हल्ला आणि ५ ऑगस्टचा उत्तराखंडातल्या धरालीचा पूर, या दोन्ही वेळी महाराष्ट्रातली कुटुंबं तिकडे अडकली होती. अशा वेळी घरी बसलेल्यांना एक नंबर हवा असतो आणि प्रशासनाला एक यादी. कोण कोणत्या हॉटेलात उतरलंय, कोणत्या गाडीत आहे, हे ज्याच्याकडे लिहिलेलं आहे त्याच्या शब्दाला त्या दिवशी किंमत येते. म्हाताऱ्या माणसांना आपण सोबत नसताना पाठवायचं असेल तर मी दोन पैसे जास्त देऊन हेच विकत घेईन.

आता पैशाची साखळी. वाशीमच्या दुकानात आपण पैसे भरतो, तो अकोल्याला किंवा नागपूरला पाठवतो, तिथून ते दिल्लीच्या कंपनीला जातात, ती श्रीनगरच्या स्थानिक ऑपरेटरला देते आणि तो हॉटेलला. यात एकाने जरी पैसे अडवले तरी हॉटेलच्या दारात आपलं कुटुंब उभं राहतं, आणि वाशीमचा माणूस प्रामाणिक असूनही फोनवर विनवण्या करण्यापलीकडे काही करू शकत नाही. म्हणून सहल प्रत्यक्ष चालवणार कोण, हे नाव आधी काढून घ्यावं आणि हॉटेलला आपण स्वतः फोन करून बुकिंग विचारावं. कोणताही बरा एजंट याचा राग धरत नाही.

कंपनी मोठी आहे म्हणून पैसा सुरक्षित, असंही नाही. १८४१ मध्ये ज्या थॉमस कुकने सामूहिक सहलींचा धंदा सुरू केला, त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे बंद पडली. (भारतातली त्याच नावाची कंपनी आधीच वेगळी झाली होती, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक त्या दिवशी परदेशात होते. त्यांना सरकारी यंत्रणेने परत आणलं, आणि हवाई सहलींचे पैसे बुडू नयेत म्हणून तिथे कायद्याने उभारलेला निधी उपयोगी पडला. आपल्याकडे ग्राहकाच्या आगाऊ रकमेला असं कवच नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय टूर ऑपरेटरांना मान्यता देतं, पण ती घेणं ऐच्छिक आहे.

मधल्या ऑपरेटरांचं काम चुकलं तर झळ किती मोठी असू शकते ते २०२५ च्या हजला दिसलं. भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी १,२२,५१८ हज कमिटीकडे होत्या, उरलेल्या ५२,५०७ खासगी ऑपरेटरांकडे. आठशेहून अधिक ऑपरेटरांचे २६ गट केले गेले, पण सौदी सरकारने घातलेल्या मुदतीत मीनातल्या तंबूंचे, निवासाचे, वाहतुकीचे करार पूर्ण झाले नाहीत. एप्रिलमध्ये हे उघड झालं. सरकारी पातळीवर धावाधाव होऊन सुमारे दहा हजार जागांसाठीच दार पुन्हा उघडलं. मंगरूळपीर, कारंज्याच्या मोहल्ल्यांत आयुष्यभर पै-पै साठवून हजचं नियोजन करणारी घरं आहेत. अशा घराने खासगी पॅकेजमधल्या जास्तीच्या सोयी आणि हज कमिटीची सरकारी चौकट यांत निवड करताना हे साल लक्षात ठेवायला हवं.

व्यवहार ठरला तर सगळे पैसे एकदम देऊ नयेत. हप्ते पाडून घ्यावेत, शेवटचा हप्ता हॉटेलचं व्हाउचर आणि तिकिटं हातात आल्यावर. पैसे यूपीआयने किंवा चेकने, आणि फर्मच्याच नावावर. दुकानदाराच्या मेहुण्याच्या नंबरवर नाही. टूर पॅकेजवर पाच टक्के जीएसटी लागतो, म्हणजे पक्कं बिल मिळायला हवं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की फर्म खरंच अस्तित्वात आहे का ते फुकटात कळतं. बिलाशिवाय पाच टक्के वाचवणारा माणूस पुढे भांडायचा आपला हक्कच स्वस्तात विकतो. किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार, हे लेखी घ्यावं, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

आणि फसवणूक झालीच तर दिल्ली-मुंबईला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वाशीमला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली तर काही प्रकरणं तिथेच मिटतात. पत्रक, बिल, पैसे भरल्याची पावती आणि चॅट मात्र जपून ठेवलेली हवी, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.