रागाचा चुकलेला पत्ता

सकाळची गर्दीची वेळ. विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या जलद गाडीत नालासोपाऱ्याला माणसांचा एक लोंढा शिरतो, वसईला दुसरा. गाडी खाडीपुलावर येईपर्यंत डब्यात कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे हे सांगता येत नाही. अशा वेळी कोणाच्या तरी पाठीवरची पिशवी कोणाच्या तरी छातीत रुतते. ‘बॅग पुढे घ्या ना’ एवढेच शब्द उच्चारले जातात. पण ज्या स्वरात ते येतात त्याच स्वरात उत्तर मिळते, आणि मीरा रोड येण्याच्या आत दोन संसारी, आपापल्या कचेरीत शांत म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ एकमेकांची कॉलर धरतात. अंधेरीला त्यांतला एक उतरून जातो. उरलेल्याचे हात दादरपर्यंत थरथरत असतात. त्याला राग नेमका कोणाचा आला होता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

विचार बुद्धीचा, भावना मनाची आणि हालचाल शरीराची, अशी वाटणी शाळेपासून अंगवळणी पडलेली असते. मराठी भाषेने मात्र ही वाटणी कधीच मानलेली नाही. तिच्यात तळपायाची आग मस्तकाला जाते, भीतीने पोटात गोळा येतो, धक्क्याने हातपाय गळतात आणि वाईट बातमीने काळजात धस्स होते. मानसशास्त्राला हीच गोष्ट शास्त्रीय प्रश्न म्हणून विचारायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १८८४ साली अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी आणि पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे यांनी रूढ समजूत उलटी करून मांडली. माणूस घाबरतो म्हणून त्याचे हृदय धडधडते असे सर्व जण समजतात. वस्तुतः ते धडधडते आणि त्याची जाणीव होते, त्या जाणिवेलाच भीती म्हणायचे, असा त्यांचा दावा होता. या मतावर १९२७ साली वॉल्टर कॅनन यांनी जोरदार आक्षेप घेतला. शरीरातील या खळबळीची व्यवस्था पाहणाऱ्या नसा शस्त्रक्रियेने काढून टाकलेली मांजरेही भुंकणारा कुत्रा समोर येताच फिस्कारत होती. शिवाय धडधड रागातही तीच, भीतीतही तीच आणि दादरचा जिना धावत चढल्यावरही तीच. मग नुसत्या धडधडीवरून माणसाला आपली भावना ओळखू यावी तरी कशी?

स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या प्रश्नाला चतुर उत्तर दिले. दृष्टीवर जीवनसत्त्वाचा काय परिणाम होतो ते पाहायचे आहे, असे सांगून विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन देण्यात आले. छाती धडधडेल, हात कापतील याची कल्पना काहींना आधी दिली होती. काहींना काहीच सांगितले नव्हते. मग प्रत्येकाला अशा एका जोडीदाराबरोबर बसवले, की जो खरे तर प्रयोगकर्त्यांनीच पढवून आणलेला होता. एक जोडीदार कागदी विमाने उडवून हुंदडत होता, दुसरा हातातल्या प्रश्नावलीवर संतापत होता. आपल्या छातीची धडधड कशाने होत आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, ते जोडीदाराच्या आनंदात किंवा संतापात अधिक ओढले गेले. ज्यांना ठाऊक होते ते त्या मानाने कोरडे राहिले. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निष्कर्ष इतके स्वच्छ आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरी त्यातला गाभा टिकून आहे. शरीरात खळबळ माजली की बुद्धी तिचे कारण शोधू लागते, आणि जे कारण डोळ्यांसमोर असते ते तिला चटकन पटते.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात ही जाण फार पूर्वीपासून आहे. आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव, अशी एकोणपन्नास भावांची मोजदाद तेथे आहे. वारकरी परंपरेतल्या अष्टसात्त्विक भावांमुळे घाम, कंप, रोमांच, अश्रू ही यादी मराठी वाचकाच्या कानांवरून गेलेली असतेच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की घाम कशाने येतो हे सांगताना भरत क्रोध, भय, हर्ष, लज्जा, श्रम आणि उष्मा यांना एकाच पंक्तीत बसवतो. घाम एकच, त्याला कारणे अनेक. अर्थात भरताला नट घडवायचा होता. नटाला ठाऊक असते की आपला घाम कोणत्या प्रसंगाचा आहे. लोकलमधल्या प्रवाशाला ते ठाऊक नसते.

त्या प्रवाशाची सकाळ पाहावी. झोप अपुरी, डबा घाईत भरलेला, स्थानकापर्यंतची रिक्षा वाटून घेतलेली, लेट मार्कची टांगती तलवार. ऐन गर्दीत मुंबईच्या उपनगरी गाडीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे रेल्वेच्या जगातच सांगितले जाते. इतक्या जागेत शरीर आपली सारी यंत्रणा सज्ज करते: नाडी जलद, स्नायू ताठ, श्वास अपुरा. पिशवी छातीत रुतण्याच्या कितीतरी आधी राग शरीरात तयार असतो; त्याला फक्त चेहरा मिळायचा बाकी असतो. वेळापत्रकाला चेहरा नसतो. पिशवीवाल्याला असतो.

विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी धावली ती १८६७ साली, आणि ती दिवसाला एकच होती. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत सुमारे १२ लाख २२ हजार माणसे मोजली गेली. घरे उत्तरेला सरकत गेली, कचेऱ्या मात्र साठ किलोमीटर दक्षिणेलाच बहुतांशी राहिल्या. अर्थशास्त्राचे पुस्तक याची समजूत सहज घालते. दूर राहणाऱ्याला घर स्वस्त पडते, म्हणजे प्रवासाच्या त्रासाची भरपाई त्याला मिळालेलीच असते. ब्रूनो फ्रे आणि आलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधील दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील अनेक वर्षांच्या पाहण्या तपासून २००८ साली दाखवले, की हा हिशेब जुळत नाही. लांबचा प्रवास करणारी माणसे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळली. भरपाई पुरेशी नव्हती. डॅनियल काहनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तपशील भरायला लावला, तेव्हा दिवसातल्या सर्वांत नकोशा वेळांत सकाळचा प्रवास होता. आणि टेक्सासच्या प्रवाशाला बसायला निदान जागा असते!

घर घेताना विचार चालतो तो चौरस फुटांचा आणि हप्त्याचा. शरीराला त्या बैठकीला बोलावलेले नसते. ते आपली बाजू पुढे मांडते, रोज, दोन वेळा.

हा राग डब्यातच संपला असता तरी एक वेळ चालले असते. पण दहा वाजता तोच गृहस्थ बँकेच्या खिडकीमागे बसतो, त्याच्यासारखीच एखादी शिक्षिका साठ मुलांपुढे उभी राहते, आणि दोघांनाही चेहरा प्रसन्न ठेवावा लागतो. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून या कष्टाला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. हमालाचे ओझे दिसते, हे दिसत नाही. चेहरा आवरला म्हणजे भावना आवरली, असा कार्यालयीन शिष्टाचाराचा समज आहे. तो खरा नाही. १९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवून चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असे सांगितले. चेहरे शांत राहिले, किळस कमी झाली नाही, आणि शरीरातला ताण उलट काही बाबतींत वाढला. संध्याकाळी तो ताण घरी पोचतो. दार उघडायला उशीर झाला, भाजीत मीठ कमी पडले, मुलाच्या प्रगतिपुस्तकात एक लाल रेघ दिसली, की सकाळच्या गाडीचा हिशेब घरात चुकता केला जातो. ज्यांच्यावर तो निघतो त्यांनी ती गाडी पाहिलेलीही नसते. आणि गृहिणीही नोकरी करणारी असेल तर घरात एकाच वेळी दोन गाड्यांचे हिशेब येतात.

मग राग ओकून मोकळे व्हावे काय? तसा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. वाफ कोंडली तर भांडे फुटेल, अशी उपमा ते देतात. परंतु माणूस भांडे नाही. २०२४ साली सोफी क्यार्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शरीराची खळबळ वाढवणाऱ्या उपायांनी राग उतरत नाही, ती शमवणाऱ्या उपायांनी उतरतो, असे दिसून आले. आदळआपट करणाऱ्याला बरे वाटते, म्हणून तो पुन्हा आदळआपट करतो, इतकेच.

या ठिकाणी विरार लोकलमधल्या भजनी मंडळांचा विचार गंभीरपणे करायला हवा. त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहिले जाते, ते योग्य नव्हे. गाडी तीच, उष्मा तोच, चौरस मीटर तोच. पण कोपऱ्यात टाळ निघतात, कोणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि ज्या छाती धडधडत होत्या त्या एका लयीत येतात. दीर्घ स्वर लावायचा तर श्वास लांबवावाच लागतो, आणि लांबलेला श्वास नाडीला आवरतो. धक्का देणारा शेजारी आता धृपद उचलणारा साथीदार असतो. कृतीने भावना बदलते ती अशी. बायकांच्या डब्यात भाजी निवडता निवडता चालणाऱ्या गप्पा, वाढदिवस, दसऱ्याला डब्याला बांधलेली तोरणे यांचेही काम हेच. सर्वांनाच हे रुचते असे मात्र नाही. रात्रपाळी करून आलेल्या आणि डोळा लागावा म्हणून धडपडणाऱ्या माणसाला टाळांचा आवाज हा नव्या रागाचा विषय होतो, आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

विचाराच्या बाजूनेही या चक्रात शिरता येते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. धक्का लागला म्हणून राग येत नाही. ‘त्याने मला धक्का देताच कामा नये’ या हट्टामुळे येतो, असे तिचे सांगणे. डब्यात उभ्या असलेल्या माणसाला हे पटवणे कठीण असले तरी ते खोटे नाही. धोका वेगळाच आहे. प्रवाशाने श्वास आवरावा, हट्ट सोडावा, भजन म्हणावे, हे सारे सांगून झाले की गर्दी ही प्रवाशाच्या स्वभावाची समस्या ठरते आणि गाड्या वाढवण्याची जबाबदारी ज्यांची, ते निश्चिंत होतात. अन्यायाने आलेला राग शमवून टाकणे ही मनःशांती खरी, पण ती दुसऱ्याच्या सोयीची. योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, योग्य वेळी रागावणे कठीण असते, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते. त्याला लोकल ठाऊक नव्हती.

याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच्या गोरेगावने रागाला योग्य पत्ता कसा द्यावा ते दाखवले आहे. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाटणी घेऊन रस्त्यावर मोर्चे काढले. तेलातुपाच्या टंचाईने घराघरात नवऱ्यावर, मुलांवर, दुकानदारावर निघणारा राग त्यांनी एकत्र केला आणि मंत्रालयाकडे वळवला. लाटणे हे चुलीजवळच्या चिडचिडीचे साधन. ते हजारोंच्या हातात एका वेळी दिसले तेव्हा त्याचा अर्थ बदलला. खुद्द वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरी आटण्याची, वाड्या जाण्याची जी धास्ती माणसे पोटात बाळगून होती, तिला शासनाच्या विकासनीतीचा पत्ता मिळाला.

रेल्वेच्या बाबतीत हे क्वचितच घडते. संतापाच्या भरात एखाद्या सकाळी माणसे रुळांवर उतरतात, दोन तासांनी गाड्या सुरू होतात, आणि खोळंबलेला प्रवासी रुळांवर उतरलेल्यांवरच चिडतो. बोरिवली ते विरार चौपदरी मार्ग २००७ साली पूर्ण झाला. त्याच पट्ट्यात पाचवी आणि सहावी मार्गिका टाकण्याचा प्रकल्प २०१९ साली मंजूर झाला. त्याच्यापुढे जमिनीचे, खारफुटीचे आणि पैशाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे ज्यांनी मागायची ते रोज सकाळी एकाच डब्यात, एकमेकांना चिकटून उभे असतात आणि पिशवीवरून भांडतात.