लष्करी कोटाची पारख

जुना लष्करी कोट समोर आला की बहुतेकांची नजर प्रथम बटणांवर जाते. ते साहजिकच आहे. बटण चकाकते, त्यावर मुकुट असतो, आणि मुकुट काळ सांगतो. सातव्या एडवर्डपासून, म्हणजे 1901 नंतर, ब्रिटिश बटणांवर गोल कमानींचा ट्यूडर मुकुट आला. एलिझाबेथ राणीच्या काळात, 1953 च्या सुमारास, कमानी मध्यभागी दबलेला सेंट एडवर्ड मुकुट आला. आपला देश मात्र 26 जानेवारी 1950 रोजीच प्रजासत्ताक झाला होता, आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. तेव्हा भारतीय पलटणीचा म्हणून दाखविलेल्या कोटावर दबका मुकुट दिसला, तर निदान बटणे तरी उपरी समजावीत.

पण बटणांवर फार विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाकी सुती कोटांची पितळी बटणे कापडातल्या भोकांतून घालून मागे कडीने अडकवलेली असत. धुण्याला टाकताना ती काढून ठेवीत. जे शिपायाला दोन मिनिटांत जमे, ते विक्रेत्याला का जमू नये?

म्हणून कोट आधी उलटा करावा. आत शाईचा पुसट शिक्का, माप, सरकारी मालाचा बाण सापडतो का ते पाहावे. कॉलर उचलून खालचा न विटलेला रंग पाहावा. बाहीवरची फीत काढली असेल, तर तिच्या जागी गडद ठसा आणि सुईची भोके राहतात. नवी फीत त्या ठशावर तंतोतंत बसत नाही. काही जण अतिनील दिव्याखाली कोट धरतात. आधुनिक दोऱ्यातली चकाकी आणणारी रसायने निळसर उजळतात. मात्र आजच्या साबण-पावडरीतही तीच रसायने असतात, त्यामुळे धुतलेला अस्सल कोटही उजळतो! केवळ शिवणच उजळली, तर संशय घ्यावा.

आमच्या घरी पणजोबांचा खाकी कोट आहे. डाव्या बाहीला कोपराशी जाड दोऱ्याने घातलेले ओबडधोबड रफू आहे. एका विक्रेत्याने ती बाही बदलून दिल्यास जास्त किंमत देऊ केली. आत्याला तो निदान ड्रायक्लीन करावासा वाटतो. मला दोन्ही मान्य नाही. ट्रफाल्गरच्या लढाईत 1805 साली नेल्सनने घातलेला कोट ग्रिनिच येथील संग्रहालयात आहे. डाव्या खांद्यावर गोळीचे भोक आहे, डागही आहेत. ते भोक कोणी बेमालूम बुजविले असते, तर निळा कोट तेवढा उरला असता. आमचे पणजोबा नेल्सन नव्हेत, हे आत्याचे म्हणणे खरे. पण ते रफू बहुधा त्यांच्याच हातचे आहे, आणि त्यांच्या हातचे दुसरे काहीही आमच्याकडे नाही.

घरात अजून एकमत झालेले नाही. तूर्त कोट हँगरवर न टांगता, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून आडवा ठेवला आहे.